ताप उतरल्यावर

कुत्रं चावलं म्हटलं की खान्देशातल्या जुन्या माणसांना आजही आधी आठवतात ती पोटातली चौदा इंजेक्शनं. सिव्हिल हॉस्पिटलात रोज एक, असे दोन आठवडे. खेड्यातल्या माणसाला त्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला मुक्काम टाकावा लागे आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडे. पोटावर गाठी येत, कातडी लाल होऊन दुखे. ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असते, हे ती टोचून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असायचं.

या प्रकरणाचा विषय रेबीज नाही. संसर्ग बरा झाल्यावर काही दिवसांनी मेंदूला आणि मज्जारज्जूला येणारी सूज, हा आपला विषय आहे. पण या आजाराचं कोडं ज्या निरीक्षणांमुळे उलगडत गेलं, त्यांत मेंढीच्या मेंदूच्या लसीने घडवलेले अपघात फार महत्त्वाचे आहेत. म्हणून आधी त्या लसीची गोष्ट.

डेव्हिड सेंपल हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर. हिमाचलातल्या कसौलीच्या संशोधन संस्थेत काम करताना त्यांनी १९११ मध्ये रेबीजच्या लसीची एक सोपी कृती बसवली. रेबीजचा विषाणू जनावराच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटून त्याचं पातळ द्रावण करायचं आणि कार्बोलिक आम्ल घालून विषाणू मारायचा. अशी लस स्वस्त होती, मोठ्या प्रमाणावर करता येत होती आणि लांबवर पाठवता येत होती. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनू लागली. तिची मात्रा इतकी मोठी असे की दंडात ती मावत नसे. पोटाची कातडी सैल असते, म्हणून पोट निवडलं गेलं. या लसीने असंख्य लोकांना वाचवलं, हे आधी मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. रेबीज झालेला माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्या काळी दुसरं काही हातात नव्हतं.

पण काही जणांच्या बाबतीत इंजेक्शनांचा क्रम अर्ध्यावर आलेला असताना किंवा संपल्यावर थोड्याच दिवसांत भलतंच सुरू व्हायचं. ताप, डोकेदुखी, पायांना मुंग्या. मग लघवी अडायची, पाय लुळे पडायचे, काही जण बेशुद्ध व्हायचे. रेबीजच झाला असं समजून घरच्यांचा धीर सुटे. तपासणीत मात्र रेबीज सापडत नसे, आणि लसीतला विषाणू तर मेलेलाच होता. हे प्रमाण ठिकठिकाणच्या अहवालांत वेगवेगळं नोंदलेलं आहे. कुठे काही शे जणांमागे एक, तर कुठे काही हजारांमागे एक.

दोष विषाणूचा नसेल, तर मग कशाचा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले थॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात याचा छडा लावला. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. त्यात कुठलाही जंतू नव्हता. तरीही काही माकडांचे पाय लटपटू लागले, आणि त्यांच्या मेंदूत सूज आणि मायलिनची झीज दिसली. पुढे १९८७ मध्ये थायलंडमधल्या रुग्णांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. सेंपल लसीनंतर ज्यांना लकवा झाला, त्यांच्या रक्तात मायलिनमधल्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोठं होतं.

मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं स्निग्ध वेष्टण. विहिरीवरच्या मोटारीला जाणाऱ्या वायरीचं प्लास्टिक जागोजागी सोललं गेलं तर वीज वाटेतच गळते आणि मोटार नीट चालत नाही. मायलिन सोललं गेलेल्या तंतूची अवस्था तशीच होते. मेंदूकडून निघालेला संदेश पायापर्यंत पोचत नाही किंवा अर्धवट पोचतो. मेंढीच्या मेंदूतलं मायलिन माणसाच्या मायलिनशी खूप मिळतंजुळतं असतं. दोन आठवडे ते अंगात टोचत राहिल्यावर काहींच्या प्रतिकारशक्तीने त्यालाच शत्रू ठरवलं, आणि शोध घेत ती स्वतःच्या मेंदूपर्यंत पोचली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८४ मध्येच सांगितलं होतं की अशा लसी बंद कराव्यात. भारतात सेंपल लसीचं उत्पादन थांबलं २००४ च्या अखेरीस. मधल्या वीस वर्षांत पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस बाजारात मिळत होती, पण ती महाग होती. ज्याच्या खिशात पैसे होते त्याने ती मेडिकलमधून विकत घेतली. शेतमजुराच्या वाट्याला सरकारी दवाखान्यातली फुकटची मेंढीची लस आली. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. नव्या लसीचे थोडे थोडे थेंब कातडीत टोचण्याची पद्धत २००६ मध्ये मान्य झाली, आणि मग सरकारी दवाखान्यांना ती देणं परवडू लागलं.

आता मूळ विषयाकडे येऊ. जे मेंढीच्या मेंदूने केलं, तेच कधीकधी साधा संसर्गही करतो.

लीड्सचे शल्यवैद्य जेम्स ल्यूकस यांनी १७९० मध्ये एका तेवीस वर्षांच्या स्त्रीची हकिगत लिहून ठेवली आहे. तिला गोवर झाला, पुरळ ओसरू लागला आणि नेमक्या त्याच वेळी तिची लघवी अडली, पायांतली शक्ती गेली. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या नोंदीत आजाराचं सगळं रूप आलेलं आहे. आधी संसर्ग, मग बरं होण्याची सुरुवात, आणि मग मज्जासंस्थेवर घाला. आज डॉक्टर याला अॅक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस म्हणतात, थोडक्यात एडेम. सूज फक्त मज्जारज्जूत असेल तर ट्रान्सव्हर्स मायलायटिस. सर्दी-खोकला, गोवर, कांजण्या, गालगुंड, फ्लू, चिकनगुनिया अशा कित्येक संसर्गांनंतर हे होऊ शकतं. कधी कधी आधीचा संसर्ग इतका किरकोळ असतो की घरात कुणाच्या तो लक्षातही राहत नाही. संसर्ग आणि घाला यांत बहुधा दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंतचं अंतर असतं. जास्त करून हा आजार दहा वर्षांच्या आतल्या मुलांना होतो.

जंतूशी लढणाऱ्या पेशी आपल्याच मायलिनवर का उलटतात? एक स्पष्टीकरण असं की जंतूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा मायलिनच्या तुकड्यासारखा दिसतो आणि प्रतिकारशक्तीची गफलत होते. दुसरं असं की संसर्गाच्या धामधुमीत, एरवी दबून असलेल्या चुकीच्या पेशी जाग्या होतात. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही.

गोवराचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. मालेगाव धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, आग्रा रोडवर. यंत्रमागाच्या कामासाठी, लग्नकार्यासाठी, बाजारासाठी या दोन शहरांमध्ये रोजची ये-जा आहे. गोवर झालेल्या साधारण एक हजार मुलांमागे एकाच्या मेंदूला सूज येते, आणि त्यातली काही मुलं दगावतात किंवा कायमची अधू होतात. गोवराच्या लसीनंतर असं घडल्याच्या नोंदी दहा लाखांत एखादी, इतक्या विरळा आहेत. "लस दिली आणि पोराला काही झालं तर?" असं विचारणाऱ्या आईसमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. तिची भीती खरी आहे, तिला उत्तरही खरंच मिळालं पाहिजे.

२००६ चा चिकनगुनियाही खान्देशी माणूस विसरलेला नाही. त्या वर्षी मालेगावात साथ आली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिथले नमुने तपासले, आणि देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. लोकांच्या आठवणीत राहिले ते आखडलेले सांधे. त्याच साथीत नागपूरच्या डॉक्टरांनी चिकनगुनियाच्या ३०० रुग्णांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या ४९ जणांमध्ये मज्जासंस्थेची गुंतागुंत आढळली. निम्म्याहून जास्त जणांच्या मेंदूला सूज होती, बाकीच्यांपैकी अनेकांचा मज्जारज्जू किंवा नसा बाधित होत्या. हे रुग्णालयापर्यंत पोचलेले रुग्ण होते, त्यामुळे गावातल्या प्रत्येक सहा रुग्णांमागे एक असा हिशेब यावरून काढता येत नाही. पण सांधेदुखी म्हणून घरी पडून राहिलेल्यांपैकी कुणाकुणाचे पाय खरोखरच लुळे पडत असतील, याची आठवण हा अभ्यास करून देतो.

हा आजार घरात कसा शिरतो ते पाहू. समजा, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर सहा वर्षांची मुलगी आहे. तिला गोवर आला. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे कडुलिंबाचा पाला ठेवला, पथ्य पाळलं. आठ-नऊ दिवसांत ताप उतरला, पुरळ काळसर पडून गेला, मुलगी भाकर मागू लागली. मग एका सकाळी ती उठेचना. उठवली तर चिडचिड करू लागली, आईलाच ओळखेना. उभी केली तर पाय वळेनात. दिवसभर लघवी नाही. संध्याकाळी फिट आली.

आता घरच्यांच्या जागी उभं राहून बघा. आजार तर संपला होता, डॉक्टरनेही बरी झाली म्हणून सांगितलं होतं. मग हे काय व्हयनं? चांगली खेळती पोर अचानक ओळख विसरते, याचा अर्थ बाहेरचं काही लागलं असाच ते लावणार. भगताकडे जाणाऱ्या आईबापांना दोष देणं सोपं आहे. पण ताप उतरल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. जी गोष्ट दवाखान्यातून निघताना दोन वाक्यांत सांगता आली असती, तिच्या अभावी पुढचे दोन-तीन दिवस उताऱ्यात जातात, आणि ते फार मोलाचे दिवस असतात.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरपुढचं कामही सोपं नसतं. ताप, बेशुद्धी आणि फिट घेऊन येणाऱ्या मुलाला आपल्या भागात आणखी बरंच काही झालेलं असू शकतं. त्यात सगळ्यात धसका घ्यावा असा आजार चांदीपुरा. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू १९६५ मध्ये सापडला, आणि तो वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याची ३२९ मुलांना लागण झाली आणि १८३ मुलं दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या गुजरातेत तो पुन्हा उसळला. पण चांदीपुरात विषाणूचा मेंदूवरचा मारा तापाबरोबरच येतो, अगदी काही तासांत. मधे बरं वाटण्याचे दिवस नसतात. एडेममध्ये ते असतात, आणि निदानाचा पहिला धागा तिथेच मिळतो. म्हणून "पंधरा दिवसांपूर्वी गोवर होऊन गेला" हे घरच्यांचं एक वाक्य डॉक्टरला एखाद्या महागड्या तपासणीइतकं उपयोगी पडतं.

पाय गेले म्हटलं की जुन्या पिढीला पोलिओ आठवतो. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. पण पहारा उठलेला नाही. पंधरा वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर आजही आरोग्य खात्याला कळवावं लागतं, आणि १४ दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन तपासायला पाठवतात. घरी कर्मचारी डबी घेऊन आले तर घाबरू नका, नमुना द्या.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात गीयाँ बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला, तेव्हा जळगाव-धुळ्यातही जीबीएस हे नाव घरोघरी पोचलं. दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जिवाणू सापडला, आणि पाण्याकडे बोट गेलं. जीबीएसही संसर्गानंतरच येतो आणि त्यातही शरीर स्वतःच्याच मायलिनवर उठतं. तरी हे दोन आजार एक नाहीत. जीबीएसमध्ये मार बसतो तो मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेरच्या नसांना. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढत जातो. एडेममध्ये मुलाची शुद्ध, वागणं, ओळख बिघडते. हा फरक फक्त पुस्तकी नाही. एडेमवर पहिलं औषध स्टिरॉइड, तर जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. तिथे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार लागतात. जागा चुकली की औषध चुकतं.

जागा ठरवण्यासाठी दोन तपासण्या मुख्य. पहिली एमआरआय. एडेममध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात मोठे, धूसर कडांचे डाग विखुरलेले दिसतात, आणि मज्जारज्जूतही सूज दिसू शकते. दुसरी म्हणजे पाठीतलं पाणी काढणं. या सुईचं नाव काढलं की नातेवाईक हात जोडतात, "डॉक्टर, पाणी काढल्यावर माणूस पांगळा होतो." हा समज मी खान्देशात पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्याने लोकांचं फार नुकसान केलं आहे. सुई टोचतात ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या जागेत. पायांतलं बळ आजाराने गेलेलं असतं, सुईने नाही. पाण्याची तपासणी यासाठी हवी की जंतूंचा मेंदूज्वर आहे की नाही हे कळलं पाहिजे. जिवंत जंतू असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकटंच देणं धोक्याचं ठरतं. म्हणून निकाल येईपर्यंत डॉक्टर अँटिबायोटिक आणि हर्पिसविरोधी औषधही देतात. इतकी सगळी औषधं कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्यामागचं कारण हे आहे.

निदान झालं की मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत शिरेतून तीन ते पाच दिवस देतात. नंतर गोळ्या सुरू होतात आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात. उपयोग झाला नाही तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा मार्ग असतो. खेडोपाडी अंगदुखीला, दम्याला, भूक लागावी म्हणून सर्रास टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी स्टिरॉइड हा शब्द बदनाम झाला आहे, आणि ती बदनामी रास्तच आहे. इथे मात्र तेच औषध योग्य जागी, मोजून दिलेलं असतं. मुलगी चालू लागली, तोंड सुजल्यासारखं दिसतं, म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्यास सूज परत येऊ शकते आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणंही तोवर मंदावलेलं असतं.

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१८ पासून जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. मेंदूविकाराचा रुग्ण दिसला की थेट नाशिक किंवा मुंबई गाठायची, ही सवय अजून पुरती गेलेली नाही. दूर जावं लागलं तरी पहिले उपचार, फिट थांबवणं, लघवीची नळी घालणं, श्वासाकडे लक्ष देणं हे जवळच्या रुग्णालयात सुरू करून निघणं शहाणपणाचं. लघवी तुंबून मूत्राशयाला झालेली इजा पाय बरे झाल्यावरही त्रास देत राहते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं हे विचारायला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा.

बहुतेक मुलं यातून उठतात. आजच्या उपचारांनी निम्म्याहून जास्त मुलं पूर्ण बरी होतात, आणि बऱ्याच जणांच्या प्रकृतीत काही दिवसांत फरक दिसू लागतो. मोठ्या माणसांत, आणि मज्जारज्जूची सूज तीव्र असेल तर, वाट लांबते. मग खरी कसोटी फिजिओथेरपीची असते, आणि तिथे घरचे कंटाळतात. केळीच्या बागेतलं किंवा कापूस वेचणीचं काम सोडून रोज शहरात येणं कुणाला जमणार? त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम शिकून घ्यावेत. काही मुलांमध्ये आजार गेल्यावर विसराळूपणा, रागीटपणा किंवा अभ्यासात मागे पडणं काही काळ दिसतं. ती मुद्दाम करत नाहीत, हे शाळेतल्या बाईंना जाऊन सांगावं. एडेम बहुधा एकदाच होतो. पण काही मुलांच्या रक्तात मॉग नावाच्या मायलिन-प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात आणि त्यांतल्या काहींना आजार पुन्हा गाठतो. नजर अचानक धूसर झाली, डोळा हलवताना दुखू लागला, पाय पुन्हा जड झाले, तर जुनी फाइल घेऊन लगेच जायला हवं.

वाचकांना माझी विनंती आहे. घरात गोवर, कांजण्या, चिकनगुनिया किंवा मोठा ताप येऊन गेला की ताप उतरल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे चार आठवडे लक्ष ठेवा. झोप अनावर होणं, ओळख किंवा वागणं बदलणं, चालताना तोल जाणं, पाय जड पडणं, लघवी अडणं, फिट येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि ती तारीख डॉक्टरला सांगा. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. पोटातली चौदा इंजेक्शनं इतिहासजमा झाली आहेत. आता लस दंडात देतात, चार-पाच खेपांत ती पूर्ण होते आणि तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळतो. तो चुकला असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी आरोग्य केंद्रात देता येतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.